आरोग्यमंत्री साहेब, पोरीला उपाशी ठेवून परत आणली

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सादर नमस्कार. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. काही कमी-जास्त लिहिलं तर सांभाळून घ्या.

काल चार वर्षांच्या पोरीला एमआरआयला नेलं. भूल द्यायची म्हणून पहाटेपासून उपाशी. दुपारी दीडला खिडकीतून आवाज आला, "भूलवाले डॉक्टर नाहीत, पुढची तारीख घ्या." ही चौथी तारीख. पोर जिन्यावरच बसली आणि बिस्किटाचा पुडा दातानं फोडायला लागली.

तिचा डावा डोळा उडतो. पापणी नव्हे, आतला अख्खा गोळा. वर बोट ठेवलं की नाडीसारखे ठोके लागतात. पाठीवर चहाच्या रंगाचे डाग. आम्ही त्यांना लासं समजत होतो. डॉक्टर म्हणाले, न्यूरोफायब्रोमॅटोसिस असावा, म्हणजे मज्जातंतूंवर गाठी येणारा जन्मजात आजार. खोबणीमागचं स्फेनॉइड हाड नीट बनलेलं नसलं की मेंदूची धडधड थेट डोळ्यापर्यंत येते. हाडातलं भगदाड सीटी स्कॅनमध्ये दिसेल, पण मज्जातंतूची गाठ आहे का, मेंदू खोबणीत उतरलाय का, ते एमआरआयच सांगणार. सीटी पुन्हा पुन्हा करता येत नाही, लेकराला किरणं बाधतात. आणि त्या ढणढणत्या नळीत अर्धा तास चार वर्षांचं पोर निपचित पडेल का? म्हणून भूल. दहावी नापासाला कळलं, तुमच्या खात्याला कळेना.

एमआरआय यंत्राच्या उद्घाटनाच्या मंडपात सांगितलं होतं, आता पुण्याच्या चकरा बंद. यंत्र आलं, नारळ फुटला, माणूस भरायचा राहिला. आमचा मात्र प्रत्येक तारखेला दोघांचा रोज बुडतो. बायको विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी.

दर तीन हजारांत एकाला हा आजार होतो म्हणे. 2011 च्या जनगणनेत जिल्हा 43 लाखांचा, म्हणजे चौदाशे झाले ना? भागाकार चुकला असेल तर तुमच्याकडच्या हुशारांनी सुधारावा. फुले जनआरोग्य योजनेचं 5 लाखांच्या उपचाराचं कार्ड मी लॅमिनेशन करून ठेवलंय. त्यातून भूलतज्ज्ञ काही निघत नाही.

आमच्याकडे नळालासुद्धा चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तारीख घेऊन. मतदानाची तारीख तेवढी कधी चुकत नाही.

पुढची तारीख 14 जानेवारी. ऐन सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, रस्ते बंद. पोरीला खांद्यावर घेऊन चालत येईन. भूलतज्ज्ञ यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला जाणार नाहीत ना, एवढं आदल्या रात्री कळवा. म्हणजे तिला जेवू घालायचं की नाही, ते ठरवता येईल.

आपला,
एक बाप, अक्कलकोट रोड, सोलापूर