युनियनशी बोलणं कायद्याने बंधनकारक करा : आयर्लंडच्या रोजगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी डब्लिनमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस, युनियनचा सभासद. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण इथे वर्क परमिटवर राबणाऱ्या माझ्या माणसांनीही ते वाचावं. मागणी एकच आहे: कामगारांनी निवडलेल्या युनियनशी बोलणी करणं मालकांवर बंधनकारक करा.

जेम्स लार्किन तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या लोकांना मात्र सांगायला हवा. लिव्हरपूलच्या गरीब आयरिश घरातला हा गोदी कामगार १९०७ मध्ये बेलफास्टला आला. धर्मावरून दुभंगलेल्या त्या शहरात त्याने कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगारांना एकाच संपात उभं केलं. पुढे डब्लिनमध्ये त्याने आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन काढली. गोदीतले रोजंदार, गाडीवान, हमाल, ज्यांना तोवर कुणी हिशेबात धरत नव्हतं ते तिचे सभासद झाले.

ट्राम कंपनीचे अध्यक्ष विल्यम मार्टिन मर्फी यांना ही युनियन मोडायचीच होती. २६ ऑगस्ट १९१३ ला ट्रामवाल्यांनी भर रस्त्यात गाड्या उभ्या करून संप पुकारला. पाठोपाठ ४०० हून अधिक मालक एकत्र आले आणि कामगारांपुढे कागद आला: या युनियनशी संबंध ठेवणार नाही, असं लिहून द्या. सही नाही, तर काम नाही. सुमारे २०,००० कामगारांवर टाळेबंदी आली. त्यांतले कित्येक लार्किनच्या युनियनचे सभासदही नव्हते, तरी त्यांनी सही नाकारली. या साऱ्या लढ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. लिबर्टी हॉल या युनियनच्या मुख्यालयात अन्नछत्र चाललं, ब्रिटिश कामगारांनी खाद्यपदार्थांचं जहाज पाठवलं. पण १९१४ उजाडेपर्यंत उपासमारीने लोक हरले. अनेकांना त्याच कागदावर सही करून कामावर परतावं लागलं.

लार्किन हट्टी होता, सहकाऱ्यांशी त्याचं जमत नसे. अमेरिकेत तुरुंगवास भोगून १९२३ मध्ये तो परतला आणि वर्षभरात स्वतःच उभारलेल्या युनियनमधून त्याची हकालपट्टी झाली. १९२७ मध्ये लोकांनी त्याला संसदेत निवडून दिलं, पण दिवाळखोर ठरल्यामुळे त्याला तिथे बसता आलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. कामगाराचा हक्क एका माणसाच्या आवाजावर आणि स्वभावावर टांगून ठेवला, की त्याचं काय होतं ते यात दिसतं.

आज तुमची राज्यघटना युनियन स्थापन करण्याचा हक्क देते. मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे, असं मात्र कोणताही कायदा सांगत नाही. म्हणजे मी वर्गणी भरू शकतो, सभेला जाऊ शकतो, आणि पगाराचा विषय निघाला की मालक माझ्या प्रतिनिधीला दारातूनच परत पाठवू शकतो. ज्याचा परमिट त्याच मालकाच्या नोकरीशी बांधलेला आहे, तो एकट्याने तोंड उघडेल अशी अपेक्षा कुणी कशी करावी? घरी पैसे पाठवायचे असतात, मुलांची शाळा असते. तो गप्प बसतो.

सामूहिक वाटाघाटींची व्याप्ती, म्हणजे युनियनने बोलणी करून केलेले करार लागू असलेल्या कामगारांचं प्रमाण, ८० टक्क्यांहून कमी असेल तर ती वाढवण्याचा आराखडा करा, असं युरोपीय संघाचा २०२२ चा निर्देश सांगतो. आयर्लंड त्या आकड्यापासून फार दूर आहे. केवळ प्रोत्साहनाच्या योजनांनी हे अंतर कापलं जाणार नाही. बोलणी करण्याचं बंधन, युनियनच्या प्रतिनिधीला कामाच्या ठिकाणी प्रवेश आणि युनियनमध्ये असल्याबद्दल त्रास देणाऱ्या मालकाला जबर दंड, या तिन्ही गोष्टी असलेलं विधेयक आपण मांडावं. मसुदा करताना परमिटवरच्या कामगारांनाही बोलवा. आम्ही येऊ.

आपला,
डब्लिनमधील एक मराठी कामगार