मा. गृहमंत्री, तपास अंजनावर चालतो का?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

काल पोलीस ठाण्यातून फोन आला. हात थरथरत होते, तसाच उचलला. हवालदार म्हणाले, "ताई, कोकणात एक खात्रीचा बघणारा आहे. पोरीचा फोटो नि वापरलेला कपडा घेऊन जाऊन या." तपासाची प्रगती ती एवढी.

पहिला बघणाराही त्यांनीच सुचवला होता. पंधरा वर्षांची माझी मुलगी क्लासहून परतली नाही, त्या रात्री त्या बाबाने एका पोराच्या अंगठ्याला हरवलेलं माणूस 'दिसण्याचं' अंजन लावलं, 5,100 रुपये घेतले आणि सांगितलं, दक्षिणेला, पाण्याकाठी. जीप दक्षिणेला पळाली. डिझेल आम्हीच भरलं. क्लाससमोरच्या दुकानातलं सीसीटीव्ही मागायला मात्र कुणाला वेळ नव्हता. पोलीस गेले तेव्हा त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं. पुढच्या खेपेला बाबाला 'ती आता नाही' असं दिसलं. सासूबाईंनी अंथरूण धरलं ते धरलंच. नवरा कामधंदा सोडून विहिरींत डोकावत फिरतो. मी रात्री दाराला कडी लावत नाही.

साहेब, अमेरिकेत 2004 साली सिल्व्हिया ब्राउन नावाच्या, मला 'दिसतं' म्हणणाऱ्या बाईने टीव्हीवर एका आईला असंच सांगितलं होतं, तुमची मुलगी जिवंत नाही. ती आई 2006 मध्ये गेली. मुलगी 2013 मध्ये क्लीव्हलंडमधल्या एका घरातून जिवंत बाहेर आली! तिथे निदान टीव्हीवाल्यांनी हे केलं होतं. इथे खाकीतली माणसं पत्ता देतात.

आपल्याकडे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यातले दक्षता अधिकारी कोण, तर पोलीसच. म्हणजे पोलिसांनी सुचवलेल्या बाबाची तक्रार पोलिसांकडेच करायची. वा! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मूल हरवलं की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवा. आम्हाला ऐकवलं, "मैत्रिणीकडे असेल, सकाळपर्यंत बघा."

2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रातून पावणेदोन लाखांवर बायका आणि तेरा हजारांवर मुली बेपत्ता झाल्या, हे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलंय. परत आलेल्या हव्या तर वजा करा. वजा न करता दिवसाला पावणेदोनशे होतात. एवढ्यांना अंजन कुठून पुरवणार?

दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी प्लँचेट केल्याचा आरोप 2014 मध्ये झाला, पुण्याच्या तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी तो नाकारला. नाकारा, माझ्या फोनमध्ये हवालदारांचं बोलणं रेकॉर्ड आहे. पुढाऱ्याची सभा असली की बंदोबस्ताला माणसं निघतात, मिरवणुकीला निघतात. गरिबाची पोर गेली की मनुष्यबळ कमी पडतं आणि मग देवर्षी आठवतो. मतं मागायला येताना कुणी अंजन लावून आमचं घर शोधत नाही, बरोबर दारात येतात.

क्लासबाहेर त्या संध्याकाळी एक रिक्षा उभी होती. दोन मुलींनी ती पाहिली. त्यांचा जबाब अजून घेतलेला नाही. तो घ्यायला लावा.

एका बेपत्ता मुलीची आई