काळूच्या हृदयाचं माप कुणाकडे आहे?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

मी साक्री तालुक्यातला निवृत्त शिक्षक. थोडी कोरडवाहू शेती आहे. नऊ वर्षांपूर्वी शेतात खतासाठी ठेलारी या मेंढपाळ समाजातल्या एका नानांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. जाताना नानांनी कुत्र्याचं एक काळं पिल्लू आमच्या ओसरीवर सोडलं. तोच काळू. रात्री रानडुक्कर मक्यात शिरलं की आधी काळू उठायचा, मग मी.

गेल्या फाल्गुनात तो रात्री खोकू लागला. आम्हाला वाटलं, हाडाचा तुकडा अडकला असेल. हळद-गूळ दिला. दवाखान्यातून खोकल्याची इंजेक्शनं झाली. महिना असाच गेला. मग नाना भेटायला आले, त्यांनी काळूच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, “हाऊ खोकला नही, गुरुजी. याले दम लागस.”

भाड्याची गाडी करून नाशिक गाठलं. एक्स-रे झाला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाचा स्नायू दुबळा होऊन कप्पे फुगले होते, फुप्फुसात पाणी साचलं होतं. पाणी उतरवायची आणि हृदयाला बळ देणारी गोळी सुरू झाली. झोपेत त्याचे श्वास मोजायला डॉक्टरांनी शिकवलं: मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. मी रोज रात्री घड्याळ घेऊन त्याच्याजवळ बसायचो. वैशाखातल्या उन्हात तो गेला.

त्या एक्स-रेवर डॉक्टरांनी हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांशी ताडून दाखवली होती. १९९५ साली अमेरिकेत बसवलेली ही रीत आहे. निरोगी कुत्र्याच्या हृदयाची लांबी-रुंदी मिळून साधारण साडेआठ ते साडेदहा मणके भरते. पण हे माप जातीगणिक बदलतं. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्याचं हृदय निरोगी असतानाही मोठं असतं. मी विचारलं, मग आमच्या मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याचं किती धरायचं? त्यांच्याजवळ तसा तक्ता नव्हता.

दुसरा प्रश्न मला झोपू देत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांसात असतं, धान्यात नसतं. बहुतेक कुत्र्यांचं शरीर ते स्वतः तयार करतं, पण काहींना ते पुरत नाही आणि मग हृदयाचा स्नायू कमजोर होतो. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा-मसूर भरपूर असलेलं कुत्र्यांचं खाद्य आणि हाच हृदयविकार यांचा संबंध तपासायला घेतला. तिथली कुत्री पाकिटातलं खातात. काळूने नऊ वर्षं बाजरीची भाकरी आणि ताक खाल्लं, माझ्याच हातचं. त्यामुळे तो आजारी पडला का? की त्याच्या रक्तातच काही होतं, जसे डॉबरमनमध्ये या आजाराशी जोडलेले जनुक सापडलेत? हे सांगू शकेल असं मला कुणी भेटलं नाही.

जगात या विषयावर मोठं काम झालंय. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झडप बिघडून हृदय वाढलेल्या, पण अजून धाप न लागलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारं औषध दिलं, तर हृदय निकामी होणं सुमारे पंधरा महिने लांबतं, असं त्यातून दिसलं. पंधरा महिने! कुत्र्याच्या आयुष्यात हा काळ फार मोठा. पण ती सगळी पंधरा किलोच्या आतली कुत्री होती, आणि आजार वेळेत ओळखला गेला होता.

गाई-म्हशी आधी, कुत्री नंतर, असं आपल्याला कुणी सांगेल. लम्पी काय असतो ते खान्देशाला सांगायला नको. २०२२ च्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला होता. गुरांचा पैसा काढून कुत्र्यांना द्या, असं मी म्हणत नाही. पण मेंढपाळाच्या कळपाची राखण कुत्रं करतं. लांडगा आला तर पुढे तेच जातं. त्याच्यासाठी वेगळा निधी मागताना मला संकोच वाटत नाही.

नागपूरच्या आपल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला धुळे, नंदुरबार, जळगाव या तीन जिल्ह्यांतल्या कुत्र्यांच्या हृदयाच्या अभ्यासासाठी निदान पाच वर्षांचं अनुदान द्यावं. कुत्री गोळा करायला वेगळा खर्च नको. रेबीजच्या लसीकरण शिबिरात ती येतातच. लस टोचण्याआधी दोन मिनिटं स्टेथोस्कोप लावावा, वय-वजन आणि काय खातं ते लिहून घ्यावं. ठोक्यांत खरखर ऐकू आली, तर त्या कुत्र्याचा इको आणि टॉरिनसाठी रक्ततपासणी व्हावी. त्यासाठी धुळ्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात एक इको मशीन आणि ते वाचता येणारा माणूस हवा. निरोगी कुत्र्यांचीही मापं घ्यावीत, नाहीतर आजारी कोण ते कसं ठरणार? आणि जे निघेल ते मराठीत छापून प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावं.

दिवाळीनंतर नाना पुन्हा मेंढ्या घेऊन निघतील. या वेळीही एक पिल्लू देतो म्हणालेत. मी हो म्हटलंय. त्याच्या ताटलीत काय वाढायचं, ते मला सांगा.

आपला,
साक्री तालुक्यातला एक शेतकरी