एंजलफिश आणि निऑन टेट्रा : तुमच्या तक्त्यातल्या हिरव्या खुणेबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मत्स्यालय संचासोबतच्या ‘कोणते मासे एकत्र ठेवावेत’ या तक्त्यातील चुकीच्या माहितीबाबत

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

तुमच्या कंपनीचा १२० लिटर टाकीचा संच मी गेल्या वर्षी घेतला. टाकी, फिल्टर, हीटर यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती संचासोबत आलेल्या रंगीत तक्त्याबद्दल. त्यात एंजलफिश आणि निऑन टेट्रा यांच्या चौकटीत हिरवी खूण आहे, आणि खाली बारीक अक्षरांत कारणही दिलं आहे : दोन्ही मासे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. त्या खुणेवर विसंबून मी १२ निऑन आणि २ एंजल आणले. आज निऑन ४ उरले आहेत.

आणले तेव्हा एंजल नाण्याएवढे होते. निऑन त्यांच्या शेजारून बिनधास्त पोहायचे, ते बघून मलाही तक्ता बरोबरच वाटला. माझी मुलगी रोज संध्याकाळी मासे मोजायची. निऑन मोजणं सोपं नसतं, थवा वळला की एकाआड एक लपतो, म्हणून ती तीनतीनदा मोजायची. सातव्या महिन्यात एक दिवस आकडा ११ वर थांबला. आम्ही टाकीभोवतीची जमीन पाहिली, फिल्टरचा स्पंज काढून पाहिला, लाकडाच्या खालची फट पाहिली. मासा कुठेच नव्हता. पाणी तपासलं : माशांना मारक ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य. आठवड्याभरात १०, मग ९.

मी तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने पाणी बदलायला सांगितलं आणि लहान मासे कधी कधी असेच मरतात, बाकीचे त्यांना खाऊन टाकतात, असं समजावलं. टाकीत अजून कोणते मासे आहेत, हे त्यांनी विचारलंच नाही. मी मात्र आठवड्यातून दोनदा पाणी बदलत राहिलो आणि चूक माझ्याच पाण्यात शोधत राहिलो.

मग एका पहाटे जाग आली म्हणून टाकीचा दिवा लावला. अंधारात निऑनचा रंग उतरतो, हे तुम्हाला माहीत असेलच. निळा पट्टा मंदावतो आणि मासा झाडांच्या आसपास जवळजवळ स्तब्ध तरंगत राहतो. उजेड पडल्यावर रंग परत यायला थोडा वेळ जातो. त्या फिकट निऑनांच्या समोर मोठा एंजल उभा होता आणि त्याच्या तोंडातून एक शेपूट बाहेर आलेली होती. मागच्या अर्ध्या अंगाचा पुसट लाल भाग स्पष्ट दिसत होता. एंजलने दोनदा जबडा हलवला, आणि शेपूटही दिसेनाशी झाली.

एंजलचा यात काहीच दोष नाही. तो सिक्लिड कुळातला मासा आहे, तोंडात मावेल ते जिवंत खाद्य टिपणं हा त्याचा स्वभाव आहे. पूर्ण वाढीचा एंजल सुमारे १५ सेंटीमीटर लांब होतो आणि पंखांसकट उंचीला त्याहून जास्त भरतो. निऑन जेमतेम ३ ते ४ सेंटीमीटरचा, तोही काडीसारखा सडपातळ. म्हणजे ही जोडी कधी बिघडणार हे पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं. तुमच्या तक्त्याने माशांचं माप विक्रीच्या दिवशी घेतलं, वाढल्यावरचं घेतलंच नाही. माझी खरी तक्रार हीच आहे.

एकाच नदीतले म्हणून सोबती, हे कारण तर मुळातच चुकीचं आहे. एका पाण्यात राहणं वेगळं आणि एकमेकांसोबत राहणं वेगळं. नदीत लहान माशाला पळायला जागा असते, इथे चार काचा असतात. पाणी जुळणं ही फक्त पहिली चाळणी. त्यातही या जोडीची ओढाताण होते : निऑनला २१ ते २५ अंशांचं पाणी बरं, एंजलला २४ ते २८ अंशांचं. जुळणारा पट्टा किती अरुंद आहे, हे तक्त्यात कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट मला अनुभवातून कळली. माझ्या दोन एंजलांची जोडी जमली आणि त्यांनी फिल्टरच्या उभ्या नळीवर अंडी घातली. त्या दिवसापासून अर्धी टाकी त्यांची झाली. उरलेले निऑन एका कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात दाटीने राहू लागले, खाण्यालाही पुढे येईनात. शांत म्हणून नोंदवलेला मासा अंडी राखू लागला की शांत राहत नाही. तुमच्या ‘स्वभाव’ या रकान्यात मात्र एंजलपुढे ‘शांत’ एवढाच शब्द आहे.

हेही मान्य करतो की काहींच्या घरी हीच जोडी नीट नांदते. निऑन आधी सोडलेले आणि पूर्ण वाढलेले असतील, एंजल लहानपणापासून त्यांच्यासोबत असतील, टाकी मोठी आणि झाडांनी भरलेली असेल, तर शक्यता वाढते. पण ती शक्यताच. तिला खूण द्यायचीच तर पिवळी द्या आणि शेजारी अटी लिहा.

यानंतर मी बाकीचा तक्ताही नीट वाचला. टायगर बार्ब आणि एंजल यांच्यापुढेही हिरवी खूण आहे. टायगर बार्ब लांब, लोंबते पंख कुरतडतात. त्यांचा मोठा गट ठेवला तर ते बरेचसे आपापसात गुंततात, तरी एंजलचे पंख सुरक्षित म्हणता येत नाहीत. गोल्डफिश आणि बेट्टा यांच्यापुढेही तीच खूण, जेव्हा गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि बेट्टाला २५ अंशांच्या वरचं. पहिल्यांदा टाकी घेणारा माणूस हाच कागद हातात धरून मासे निवडतो, म्हणून हे लिहितो आहे.

मला माशांची भरपाई नको. तक्ता मागे घ्या आणि दुरुस्त करून छापा. प्रत्येक माशाची पूर्ण वाढीची लांबी त्यात द्या, किमान किती जणांचा गट लागतो ते द्या, अंडी घालताना त्याचं वागणं कसं बदलतं ते द्या. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांनाही कळवा, कारण त्यांचे एंजल अजून लहान असू शकतात. मदत क्रमांकावरच्या लोकांना पहिला प्रश्न ‘टाकीत कोण कोण आहे’ असा विचारायला सांगा.

उरलेले ४ निऑन मी वेगळ्या टाकीत हलवले आहेत. गट फार लहान झाल्याने ते बिचकून राहतात, म्हणून त्यांच्यासोबत आणखी ८ आणणार आहे. तुमचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावं, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक

सोबत : तक्त्याची छायाप्रत, संबंधित चौकटींवर खूण करून, पाणी तपासणीच्या नोंदी, मुलीच्या वहीतल्या रोजच्या मोजणीच्या पानांची छायाचित्रं