मध काढायचं मशीन बसवायला पण शिकवा

संपादक साहेब, नमस्कार,

मांघर २०२२ मधे देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तेव्हापासून तुमच्या पेपरात मधपेट्यांवर काही आलं की मी आधी तेच वाचतो. मी पण जावळी तालुक्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. ट्रेनिंगमधे राणी कशी ओळखायची, पेटी कशी तपासायची सगळं सांगितलं, पण मध काढायचं मशीन (ड्रमच्या आत जाळीचा पिंजरा असतो, त्यात पोळ्यांच्या फ्रेम म्हणजे चौकटी ठेवून हँडलने फिरवायचं, मध बाहेर उडतो) कसं बसवायचं ते कुणीच दाखवलं नाही.

पहिल्या वर्षी जांभळाचा मध काढायला मशीन अंगणात तसंच ठेवलं आणि हँडल फिरवलं तर ड्रम नुसता नाचायला लागला, बायकोने दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना, आणि चारपैकी दोन पोळी फ्रेममधून तुटून खाली पडली. फार वाईट वाटलं, कारण ते मेण माशा स्वतःच्या अंगातून काढतात आणि त्यासाठी मधच खातात, म्हणजे पोळं तुटलं की मध पण गेला आणि माशांची मेहनत पण गेली. दुकानदार म्हणाला हळू फिरवा, बस.

नंतर चुकत चुकत कळलं. समोरासमोरच्या फ्रेम सारख्या वजनाच्या पाहिजेत, जड फ्रेमसमोर जडच. मशीनचे पाय जाड फळीवर बोल्टने आवळायचे आणि गवंड्याची लेव्हल लावून बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्यासारख्या जाळीच्या मशीनमधे एका बाजूचा मध एकदम काढायचा नाही, कारण आतल्या बाजूचा भरलेला मध पोळं जाळीवर दाबतो आणि पोळं फाटतं, म्हणून आधी हळू फिरवून अर्धा काढा, फ्रेम उलटी करा, ती बाजू पूर्ण काढा मग परत पहिली. फ्रेम पेटीतून काढल्या काढल्या गरम असतानाच घ्या, गार मध घट्ट होतो, मग जोर जास्त लावावा लागतो. मधेच हँडल जड झालं तर खाली बघा, मध साठून पिंजऱ्याला लागलेला असतो, नळ उघडा. गिअरला साधं ग्रीस अजिबात नको, ते गळून मधातच पडतं, खाण्याच्या मशीनला चालतं तेच घ्या. धुताना आधी गार पाणी, उकळतं ओतलं तर मेण वितळून जाळीत बसतं (हे मी दोनदा केलंय).

पेट्या देताना या मशीनसाठी अर्धा दिवस तरी ठेवा, ते खोलून, बसवून, प्रत्येकाच्या हातून फिरवून घ्या, एवढी ट्रेनिंग देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आणि तुमच्या शेतीच्या पानावर यावर फोटोसकट एक लेख द्या. मार्चमधे आमच्याकडे जांभळी फुलतात, त्याआधी फेब्रुवारीत आला तर याच हंगामात कामाला येईल.

आपला,
एक मधपाळ, ता. जावळी, जि. सातारा