मार्क सारखे, मग नंबर खाली का?

संपादक महोदय, स.न.

परवा माझ्या भाचीच्या ऑनलाइन क्विझचा लाइव्ह निकाल बघत होतो, तिला आणि अजून तिघांना ४२ मार्क, पण ती चौघांत शेवटी, नंबर १७, आणि रडवेली होऊन विचारते मामा माझं काय चुकलं? काहीच नाही गं, तुझं नाव 'अ'वरून सुरू होतं एवढंच!

मी रोज रेडिस या डेटाबेसवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो म्हणून लगेच लक्षात आलं, ही यादीही तोच लावत असणार. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये आणलेला हा डेटाबेस सगळं मेमरीत ठेवतो, त्यातल्या सॉर्टेड सेटमध्ये नाव आणि स्कोअर टाकला की यादी आपोआप क्रमाने लागते, लाखो नावं असली तरी नंबर क्षणात मिळतो, खरंच सुंदर चीज आहे. पण स्कोअर सारखा असला की तो नावाच्या अक्षरक्रमाने लावतो, आणि यादी उलटी म्हणजे जास्त मार्क आधी अशी मागितली की हा क्रमही उलटा होतो, 'ह' वर आणि 'अ' खाली.

उपाय अगदी सोपा आहे हो. झेडरेव्हरँक या रेडिसच्या कमांडने उलट्या यादीतली जागा विचारण्याऐवजी झेडकाउंट या मोजणाऱ्या कमांडने ४२ पेक्षा जास्त मार्कवाले मोजा, १३ आले तर चौघांनाही १४ वा नंबर द्या. वेळ धरायचीच असेल तर मार्क गुणिले १०००० अधिक उरलेले सेकंद असा स्कोअर करा, म्हणजे ४२ मार्क आणि ९५ सेकंद उरले तर ४२००९५, पण तो नियम मुलांना आधी सांगा. आयोजकांना मी तसं कळवलंय, निकाल दुरुस्त व्हायलाच हवा.

– एक प्रोग्रामर, पुणे