ताई, सुट्टी सक्तीची केल्याबद्दल आभार

ताई,
स. न. वि. वि.

घाम काढणारे प्रशिक्षक गल्लोगल्ली आहेत. वजन उतरवायला आलेल्या माणसाला ‘आज घरी जा, उद्या या’ असं तुम्ही ठणकावून सांगता, म्हणून हे पत्र.

तुमची आठवड्याची आखणी वहीत मांडली तर अगदी साधी दिसते. सोमवारी आणि गुरुवारी वजनं उचलणं. शनिवारी इंटरव्हल : ३० सेकंद जोरात, ९० सेकंद सावकाश, अशा ८ फेऱ्या, त्याहून जास्त नाही. मधल्या दिवशी धाप न लागता गप्पा मारता येतील इतक्या वेगाने ४० मिनिटं चालणं. रविवारी काही नाही. स्क्वॉट मारलेल्या पायांना पुन्हा भार देण्याआधी निदान ४८ तास हवेत, हे तुम्ही कधीच सोडलं नाही.

खरे उपकार मात्र वजनकाट्याबाबतचे. जड व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो. ती चरबी नसते. दुखावलेला स्नायू सुजतो, पाणी धरतो. शिवाय स्नायूत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं. हे माहीत नसलं की माणूस घाबरून रात्रीची भाकरी सोडतो, सकाळी दुप्पट पळतो, सूज आणखी वाढते आणि काटा तिथेच. म्हणून रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करायचं, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडायचा.

झोपेवरून तुम्ही कटकट करता तीही रास्तच. शिकागो विद्यापीठाचा २०१० सालचा एक प्रयोग आहे. दहाच माणसांचा, पण बोलका. आहार सारखाच कमी. १४ दिवस झोपेला साडेआठ तास, १४ दिवस साडेपाच. वजन दोन्ही वेळा ३ किलोच्या आसपास उतरलं. चरबी मात्र पुरेशा झोपेत १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत ०.६. बाकीचं स्नायू-पाण्यातून गेलं, म्हणजे नको तिथून.

सुट्टीच्या दिवशी जेवण कापायचं नाही, हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. दुरुस्तीचं काम त्याच दिवशी चालतं. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर ७० किलोच्या माणसाला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम प्रथिनं हवीत. वरण-भातातून तेवढी निघत नाहीत. अंडी, पनीर, उसळ, मासे यांची बेरीज करावीच लागते.

उठल्या उठल्या नाडी मोजायची सवयही तुमचीच. दोन-तीन दिवस सलग ७-८ ठोके जास्त, झोप तुटक, नेहमीचाच डंबेल जड वाटतोय : त्या दिवशी फक्त चालायचं. पाळी थांबली तर व्यायाम कमी, जेवण जास्त आणि डॉक्टरांची भेट. अतिव्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर थेट दवाखाना.

पुढचा आठवडा हलका आहे, दर पाचव्या आठवड्यासारखा : उचलायचं वजन तेच, सेट (फेऱ्या) निम्मे. गुपचूप चौथा सेट मारणाऱ्यांची नावं तुम्हाला माहीत आहेतच. त्यांना बाकावर बसवा, आमची हरकत नाही.

आपली,
सकाळी ६ च्या बॅचची मंडळी